विमान कशाने पडलं हे घरच्यांना कधी सांगणार?

२७ फेब्रुवारी २०१९ म्हटलं की मुंबईत कुणालाही एकच नाव आठवतं, अभिनंदन. त्या दिवशी लोकलमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता, मिग-२१ पडलं, पायलट पाकिस्तानच्या हातात सापडला, आता त्याचं काय करतील, कधी सोडतील, आणि १ मार्चला रात्री तो अटारीला चालत अलीकडे आला तेव्हा घराघरात टीव्हीसमोर टाळ्या वाजल्या. वाजायलाच हव्या होत्या. पण अभिनंदन पडला त्याच सकाळी श्रीनगरहून उडालेलं हवाई दलाचं एक एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर बडगाममध्ये जळत खाली आलं होतं, आतले सहाजण गेले आणि खाली जमिनीवर असलेला एक गावकरी गेला, आणि त्या सहांमधला एक अधिकारी आपल्या नाशिकचा होता. ही बातमी टीव्हीच्या खालच्या पट्टीत फिरत राहिली आणि मग गेली.

हेलिकॉप्टर कोसळलं, एवढंच तेव्हा सांगण्यात आलं. खरं तर ते पाडलं गेलं होतं, आणि तेही आपल्याच मिसाईलने, श्रीनगरच्या तळावर तैनात असलेल्या स्पायडर या जमिनीवरून विमानं पाडणाऱ्या यंत्रणेतून सुटलेल्या, हेलिकॉप्टर उडाल्यावर जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत. हे हवाई दलाने देशासमोर मान्य केलं ते ४ ऑक्टोबर २०१९ ला. तेव्हा नुकतेच हवाई दलप्रमुख झालेले भदौरिया पत्रकारांसमोर म्हणाले की ती मोठी चूक होती आणि आम्ही ती मान्य करतो. माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदरच आहे, असं उघड बोलायला धैर्य लागतं. पण मधे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत लोकसभेची अख्खी निवडणूक होऊन गेली, त्या सकाळच्या हवाई चकमकीवर सभांमधून भाषणं झाली, आणि ज्यांच्या घरातला माणूस त्या हेलिकॉप्टरमध्ये होता त्यांना वर्तमानपत्रात सूत्रांच्या हवाल्याने आलेल्या तुकड्या तुकड्या बातम्या वाचून अंदाज बांधत बसावं लागलं.

माझं म्हणणं सरळ आहे. सैन्याचं विमान किंवा हेलिकॉप्टर पडलं, मग ते शत्रूने पाडलेलं असो, आपल्याच चुकीने पाडलेलं असो की यंत्र बिघडून पडलेलं असो, त्याचा चौकशी अहवाल ठरलेल्या मुदतीत आधी घरच्यांच्या हातात आणि मग लोकांसमोर आला पाहिजे, कायद्यानेच आला पाहिजे, कुणाच्या मर्जीवर नाही. जे खरंच गुप्त आहे त्यावर काळी पट्टी मारा, पण बाकीचं द्या.

आता कुणी म्हणेल लढाईत माणसं जातातच, मग एवढं काय. तर इथे आपण फायटर विमानांबद्दल बोलत नाहीये, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. वाहतुकीच्या विमानात जे बसलेले असतात त्यातले बहुतेकजण लढत नसतात, ते नुसते प्रवासी असतात. सुट्टीवरून परत निघालेला जवान, बदली झालेला क्लार्क, डॉक्टर, कधी बायका-मुलं, कधी पुरात अडकलेले गावकरी, आणि कधी तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या. २२ जुलै २०१६ ला चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर गायब झालं, त्यात २९ जण होते आणि त्यातले बरेचजण गणवेशातले सुद्धा नव्हते, संरक्षण खात्याचे साधे सिव्हिलियन कर्मचारी होते, ते रोजच्या कामाला निघाले होते. त्या विमानाचे अवशेष सापडल्याचं सरकारने सांगितलं ते जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल समुद्रात. साडेसात वर्षं. समुद्र खोल होता, शोध कठीण होता, हे मला मान्य आहे. पण तोपर्यंत त्या घरांमध्ये काय चाललं असेल याचा विचार केला तरी पोटात कालवतं.

आणि अशा विमानाला सगळ्यात मोठा धोका कधी असतो, तर उडताना आणि उतरताना. टेकऑफ झाल्यावर पहिली काही मिनिटं जड विमान पोटभर इंधन घेऊन, इंजिनं पूर्ण ताकदीने चालवत, हळूहळू आणि सरळ रेषेत वर चढत असतं. खांद्यावरून सोडायचं मिसाईल, रशियन बनावटीचं स्ट्रेला किंवा इग्ला, अमेरिकेचं स्टिंगर, या सगळ्यांना हवी असते ती उष्णता, आणि ती नेमकी याच वेळी इंजिनातून भरभरून बाहेर पडत असते. ही मिसाईल साधारण तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत पोचतात, म्हणजे विमान एकदा खूप वर गेलं की सुटलं. म्हणून धोक्याच्या जागी पायलट तळावरच गोल गोल फिरत उंची घेतात, फ्लेअर सोडतात म्हणजे जळते गोळे, की मिसाईल त्यांच्या मागे लागावं. ही सगळी माहिती काही आज फुटलेली नाही, जगातल्या प्रत्येक सैन्याला ती माहीत आहे आणि मिसाईल बाळगणाऱ्या प्रत्येक टोळीलाही.

श्रीलंकेत हे किती भयानक झालं ते बघा. २८ आणि २९ एप्रिल १९९५, लागोपाठ दोन दिवस, जाफन्याजवळच्या पलाली तळावर ये-जा करणारी श्रीलंका हवाई दलाची दोन ॲव्रो वाहतूक विमानं एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांनी मिसाईलने पाडली, दोन्हीत मिळून नव्वदच्या आसपास माणसं गेली. पहिल्या विमानाचा धडा घ्यायला त्यांना एक अख्खा दिवससुद्धा मिळाला नाही. आणि पुढे २९ सप्टेंबर १९९८ ला त्याच पलालीहून कोलंबोला निघालेलं लायनएअरचं प्रवासी विमान, त्यात ५५ जण, साधी माणसं, तेही उडाल्यावर थोड्याच वेळात गेलं. हे ॲव्रो आपल्याला परकं नाही. कानपूरला एचएएलमध्ये बनलेली ॲव्रो आपल्या हवाई दलाने साठ वर्षं वापरली आणि आता त्यांच्या जागी सी-२९५ येतायत, एकूण ५६, त्यातली ४० वडोदऱ्याला बनणार. २०२२ मध्ये हा कारखाना नागपूरला का आला नाही म्हणून आपण महाराष्ट्रात केवढं भांडलो, आणि रोजगाराचा प्रश्न होता तेव्हा भांडायलाच हवं होतं. पण त्या विमानात मिसाईलपासून वाचायची यंत्रणा कोणती असणार, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात मराठी चॅनलवर मी एकदाही ऐकला नाही. सरकारने तेव्हा सांगितलं होतं की सगळ्या ५६ विमानांवर देशी बनावटीची इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर यंत्रणा, म्हणजे शत्रूचं रडार आणि मिसाईल चकवणारी उपकरणं, बसवणार. चांगली गोष्ट आहे. ती वेळेवर बसते का हे विचारत राहायला मात्र कुणीतरी पाहिजे.

विचारल्याने काय होतं त्याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. ३० जानेवारी २००५, इराकमध्ये मतदानाचा दिवस, ब्रिटिश हवाई दलाचं हर्क्युलिस हे वाहतुकीचं विमान बगदादहून उडून बलदच्या तळाकडे निघालं होतं, कमी उंचीवरून, दिवसाउजेडी. जमिनीवरून गोळीबार झाला, उजव्या पंखातल्या इंधनाच्या टाकीला लागलं, टाकीत स्फोट झाला आणि पंखच तुटला. दहाजण गेले. मिसाईल सुद्धा लागलं नाही, साध्या गोळीबारात एवढं मोठं विमान गेलं. का, तर टाकीत एक विशिष्ट फोम भरलेला नव्हता. हा फोम भरला की गोळी लागली तरी टाकीतल्या वाफेचा भडका उडत नाही, अमेरिकेने व्हिएतनामच्या युद्धापासून आपल्या हर्क्युलिसमध्ये तो वापरला होता, आणि ब्रिटिश वैमानिकांनी स्वतः तो आधी मागितला होता. हे सगळं बाहेर आलं ते कशामुळे? तिथे परदेशात मेलेल्या सैनिकाचाही इन्क्वेस्ट होतो, म्हणजे मृत्यू कशाने झाला याची चौकशी, उघड्या कोर्टात, कॉरोनर म्हणजे ती चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यासमोर, घरचे बसलेले, पत्रकार बसलेले. ऑक्टोबर २००८ मध्ये कॉरोनर डेव्हिड मास्टर्स यांनी निकाल दिला आणि व्यवस्थेतल्या गंभीर त्रुटींवर स्पष्ट बोट ठेवलं. एका मृताची पत्नी आणि एक माजी पायलट यांनी ही लढाई किती चिकाटीने लढवली त्याला तोड नाही. फोम बसवला गेला. आता त्या फोमची माहिती बाहेर आल्याने ब्रिटनचं कुठलं गुपित फुटलं? उलट पुढच्या विमानातले लोक जास्त सुरक्षित झाले.

त्यांनी इथेच थांबवलं नाही. २ सप्टेंबर २००६ ला कंदाहारजवळ त्यांचं निम्रॉड हे टेहळणीचं विमान आग लागून पडलं, १४ जण गेले. त्यावर चार्ल्स हॅडन-केव्ह या वकिलांनी केलेली चौकशी २००९ मध्ये जशीच्या तशी छापून आली, त्यात कुठल्या कंपनीने आणि संरक्षण खात्यातल्या कुणी काय चुकवलं ते नावानिशी लिहिलेलं होतं, आणि पुढच्याच वर्षी मिलिटरी एव्हिएशन ऑथॉरिटी नावाची वेगळी संस्था उभी राहिली, फक्त सैन्याच्या विमानांची सुरक्षितता बघायला.

बडगामशी सगळ्यात जास्त जुळणारी घटना मात्र अमेरिकेची आहे. १४ एप्रिल १९९४, उत्तर इराक, स्वच्छ ऊन, आणि अमेरिकेच्याच दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं मिसाईल मारून पाडली. आत अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की अधिकारी आणि कुर्द लोक, २६ जण, कुर्दांच्या मदतकामासाठी निघालेले. का पाडली? आयएफएफ, म्हणजे समोरचं विमान आपलं की परकं हे ओळखायचं उपकरण, त्यात हेलिकॉप्टरांचा कोड त्या भागासाठीचा नव्हता, वर हवेत फिरत रडारने लक्ष ठेवणाऱ्या अवॅक्स विमानातल्या लोकांनी वेळेवर सावध केलं नाही, आणि एफ-१५ च्या पायलटना ती रशियन हेलिकॉप्टरं वाटली. आर्मी आणि एअर फोर्स यांचं एकमेकांशी नीट जुळलेलंच नव्हतं. चौकशीचा अहवाल तीन महिन्यांत, जुलै १९९४ मध्ये लोकांसमोर आला. अवॅक्समधल्या एका अधिकाऱ्यावर कोर्ट मार्शल झालं, तो निर्दोष सुटला, त्यावर घरच्यांनी प्रचंड संताप व्यक्त केला, पुन्हा सुनावण्या झाल्या. सगळं उघड झालं आणि त्यामुळेच जगातल्या कुठल्याही हवाई दलाला ते वाचता आलं.

आता बडगाम. तिथेही हेलिकॉप्टरचं आयएफएफ बंद होतं असं चौकशीत निघाल्याच्या बातम्या आल्या. तळावरचे लोक आणि हवेतले लोक यांचा आपसात मेळ नव्हता असंही त्याच बातम्यांत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी घडलेली तीच गोष्ट. चूक माणसाकडून होते, पाकिस्तानची विमानं सीमेजवळ होती, मिनिटामिनिटाला ताण होता, स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाची जागा मी घेतली असती तर मी काय केलं असतं हे मलाही सांगता येत नाही. म्हणूनच मला त्या एका-दोघांना शिक्षा होण्यापेक्षा जास्त रस त्या अहवालात आहे. २०२३ मध्ये एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फ करण्याची शिफारस कोर्ट मार्शलने केली अशी बातमी आली, मग तो मामला वरच्या कोर्टात गेला. शिक्षा कुणाला हे कळलं, पण यंत्रणेत काय बदललं हे पूर्णपणे कुठे वाचायला मिळालं? श्रीनगरला, अंबाल्याला, जामनगरला, पुण्याला आज आयएफएफबद्दलचा नियम काय आहे, तळावरून हेलिकॉप्टर उडतंय हे मिसाईल युनिटला कोण कळवतं आणि त्याची खात्री कोण करतं, या प्रश्नांची उत्तरं त्या सात घरांना मिळायलाच हवी होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, शत्रूला माहिती मिळेल. मी हा आक्षेप हलक्यात घेत नाही. फ्रिक्वेन्सी, कोड, रडारची रेंज, युनिट कुठे आहे, हे कुणीच मागत नाहीये. पण आपण स्वतः एकदा हे करून दाखवलंय ना. कारगिलनंतर २९ जुलै १९९९ ला संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेत ठेवला गेला, संवेदनशील भाग वगळून. युद्धाला वर्षही झालेलं नव्हतं. त्या अहवालामुळे भारत कमकुवत झाला का? झाला नाही, त्यातूनच पुढे गुप्तचर व्यवस्थेत आणि संरक्षण व्यवस्थेत मोठे बदल झाले. त्याच कारगिलमध्ये २८ मे १९९९ ला तोलोलिंगवर आपलं एमआय-१७ खांद्यावरच्या मिसाईलने पडलं आणि चारजण गेले, चार हेलिकॉप्टरांच्या त्या तुकडीत नेमक्या त्याच एकावर फ्लेअर सोडायची यंत्रणा नव्हती असं नंतर जाणकारांनी वारंवार लिहिलं. आज हे आपण सगळे वाचू शकतो आणि पुन्हा कधी फ्लेअरशिवाय हेलिकॉप्टर पाठवलं तर ओरडू शकतो. याउलट १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल साठ वर्षं उलटून गेली तरी सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही, त्या काळात जे लढले त्यातले बहुतेक आता हयातही नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. अहवाल उघड होणार म्हटलं की चौकशीत पायलट आणि टेक्निशियन मोकळेपणाने बोलणार नाहीत, सगळे आपापली कातडी वाचवतील, आणि मग खरं कारण कधी कळणारच नाही. हे शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच अमेरिकेच्या हवाई दलात दोन चौकश्या होतात, वेगवेगळ्या. एक सुरक्षेसाठी, तिथे जे बोललं जातं ते गोपनीय, त्यावरून कुणाला शिक्षा होत नाही, म्हणून लोक खरं बोलतात. दुसरी स्वतंत्र, तिचा अहवाल घरच्यांना आधी समजावून सांगितला जातो आणि मग प्रसिद्ध होतो. २९ नोव्हेंबर २०२३ ला जपानजवळ त्यांचं ऑस्प्रे विमान पडून आठजण गेले, तर १ ऑगस्ट २०२४ ला अहवाल लोकांसमोर होता, गिअरबॉक्समध्ये काय तुटलं आणि इशारे मिळाल्यावरही काय निर्णय घेतले गेले, सगळं त्यात. आपल्याकडे हे का होऊ शकत नाही, याचं पटणारं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मनोबल खचेल, असंही म्हणतात. मनोबल खचतं ते आपण मेलो तर आपल्या घरच्यांना खरं सांगणार नाहीत या भावनेने, असं मला वाटतं. युक्रेनसारखा देश ऐन लढाईत होता, १४ जून २०१४ ला लुहान्स्कच्या विमानतळावर उतरताना त्यांचं आयएल-७६ हे वाहतुकीचं विमान पाडलं गेलं, ४९ जण गेले, आणि तरी त्यांनी आपल्याच एका जनरलवर कोर्टात उघड खटला चालवला. २०१७ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. निकाल कुणाला पटो न पटो, पुरावे तरी सगळ्यांसमोर मांडले गेले. याच्या अगदी उलट २४ जानेवारी २०२४ ला रशियातल्या बेल्गोरोदजवळ पडलेलं रशियाचं आयएल-७६, रशिया म्हणते आत ६५ युक्रेनी युद्धकैदी होते आणि एकूण ७४ जण गेले, दोन्ही बाजूंचे दावे वेगळे, दोघांनी मान्य केलेली स्वतंत्र चौकशी नाही, आणि कैद्यांच्या आया मात्र मधल्यामधे. आणि इराण. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान त्यांच्याच रिव्होल्युशनरी गार्डच्या मिसाईलने पाडलं, १७६ माणसं, आणि तीन दिवस सरकार ठामपणे नाही म्हणत राहिलं. मग कबूल केलं तेव्हा त्यांचेच लोक रस्त्यावर आले. लोकांचा राग चुकीवर होता तितकाच त्या तीन दिवसांवर होता.

मुंबईच्या माणसाला हा विषय लांबचा वाटू नये. १४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्री आपल्याच डॉकयार्डमध्ये आयएनएस सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले, कुलाब्यातून आकाश लाल दिसत होतं, १८ नौसैनिक गेले. नौदलाच्या चौकशीचा पूर्ण अहवाल लोकांसमोर आला नाही, थकलेले खलाशी आणि मुदत संपत आलेला दारूगोळा हे मुद्दे आपल्याला कळले ते काही वर्षांनी कॅगच्या अहवालातून, म्हणजे हिशोब तपासणाऱ्यांकडून. आणि १८ डिसेंबर २०२४, गेटवेहून एलिफंटाला निघालेली नीलकमल बोट. नौदलाच्या स्पीडबोटीची इंजिन ट्रायल चालू होती, ती येऊन धडकली, १५ जण गेले, त्यात लहान मुलंही. त्या बोटीचा व्हिडिओ प्रवाशांच्याच मोबाईलवर निघाला होता म्हणून पहिल्या तासात सगळ्या देशाने बघितलं की काय झालं. बडगामच्या आकाशात मोबाईल घेऊन कुणी उभं नव्हतं म्हणून सात महिने लागले, असं तर नाही ना, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

साध्या प्रवासी विमानाचं बघा. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान उडाल्यावर काही सेकंदांत पडलं, २६० जण गेले, मुंबई-ठाण्यातली कितीतरी घरं त्यात उद्ध्वस्त झाली. आंतरराष्ट्रीय नियम आहे की प्राथमिक अहवाल ३० दिवसांत द्यायचा, आणि १२ जुलैला तो आला. त्यावर वाद झाले, पायलटांच्या संघटनांनी आक्षेप घेतले, तो अर्धवट आहे, पायलटवर ढकलतोय असं म्हणाले. पण वाद घालायला हातात कागद तरी होता. हा ३० दिवसांचा नियम ज्या आंतरराष्ट्रीय करारातून येतो तो सरकारी आणि लष्करी विमानांना लागू होत नाही, म्हणजे गणवेश घालून विमानात बसलेल्या माणसाच्या आईला तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या आईपेक्षा कमी हक्क आहे. हे मला मान्य नाही. देशासाठी जाणाऱ्याच्या घरच्यांना जास्त मिळायला हवं.

आणि इच्छा असेल तर आपल्याकडेही लवकर सांगता येतं. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं, १४ जण गेले, तेव्हा १४ जानेवारी २०२२ ला हवाई दलाने स्वतःहून चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष सांगितले, हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटला दिशेचं भान राहिलं नाही. सहा आठवड्यांच्या आत. जे सरसेनापतीच्या बाबतीत करता येतं ते एअरमनच्या बाबतीत का नाही? पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात २०१७ ते २०२२ मधल्या ३४ अपघातांची यादी आली, आणि कारणाच्या रकान्यात काय, तर मानवी चूक, तांत्रिक बिघाड, अशी दोन-दोन शब्दांची नोंद. एकेका नोंदीमागे माणसं आहेत.

माहिती अधिकाराने मागता येईल असं काहीजण सुचवतात. कायद्यात ज्या गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांना सरसकट सूट आहे त्या यादीत भूदल, नौदल, हवाई दल नाहीत, हे फार लोकांना माहीतच नाही. पण कलम ८ खाली देशाची सुरक्षितता म्हणून नकार देता येतो आणि मग अपील, दुसरं अपील, आयोगासमोरच्या तारखा. मुलगा गेलेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या माणसाने हे करत बसावं अशी अपेक्षा ठेवणं मला क्रूर वाटतं. म्हणून वेगळा कायदा पाहिजे किंवा निदान संरक्षण खात्याचा पक्का नियम पाहिजे. ३० दिवसांत घरच्यांना लेखी प्राथमिक माहिती, त्यात एवढं तरी स्पष्ट की विमान पाडलं गेलं की पडलं. वर्षभरात काळ्या पट्ट्या मारलेला अहवाल संसदेत. कुठे पट्टी मारायची हे फक्त हवाई दलाने ठरवायचं नाही, बाहेरचा एखादा निवृत्त न्यायाधीश त्यात हवा. आणि अहवालातल्या शिफारशींचं पुढे काय झालं याची दरवर्षी नोंद, कारण फोम बसवा असं नुसतं लिहून फोम बसत नाही.

मुंबई शहरातून लोकसभेत सहा खासदार जातात. निवडणुकीत सगळ्याच पक्षांनी जवानांचे फोटो वापरलेत, तेव्हा हा कुठल्या एका पक्षाचा प्रश्न नाही. आपापल्या खासदाराला, पुढच्या अधिवेशनाआधी, पत्राने किंवा ऑफिसात जाऊन एवढंच विचारायला सांगायचं, बडगामच्या चौकशीतल्या किती शिफारशी अमलात आल्या, किती बाकी आहेत, आणि त्या अहवालाची प्रत त्या सात कुटुंबांना दिली आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच आहे आणि त्यात कुठलंही लष्करी गुपित नाही.